हिद्दच्या प्लांटवर, रात्रपाळीत

यशोधन, तू विचारलंस कुठून सुरू करू,
तेव्हा माझ्या हातात ब्युरेट होतं,
म्हणून नुसतीच मान हलवली.
आता तीन वाजलेत. क्लोराइडचे आकडे वहीत चढले.
ऐक.

जाडं पुस्तक आधी घेऊ नकोस,
ज्यात सगळे ग्रीक रांगेने उभे असतात
शाळेच्या ग्रुप फोटोसारखे,
आणि ओळख एकाचीही होत नाही.
मी तेच केलं होतं.
दोन महिन्यांत अर्ध्या हळकुंडाने पिवळी होऊन
मेसमध्ये लोकांच्या ताटात शब्द वाढायची.
एकदा सिबिचन उठला,
आमटीची वाटी सांभाळत
दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला.

तू त्या किनाऱ्यावरच्या माणसापासून सुरू कर,
जो म्हणाला, मुळात सगळं पाणीच.
हसशील. मीही हसले.
मी रोज या पाण्यातून काय काय वेगळं काढते:
मीठ, बोरॉन, शेवाळ, टँकरचं तेल.
तो चुकला हे आठवीतल्या पोरालाही कळतं.
पण त्याला प्रश्न कसा सुचला
हे मला अजून कळलेलं नाही.
हा पाइप, पंपहाउसमधली ती कानतुटकी मांजर,
तुझ्या आईचा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज,
हे सगळं आतून एकच असेल
असं वाटायला
कुठल्या दुपारी, कशाकडे बघत बसला असेल तो?

त्यांच्यातल्या कितीकांचं
जेमतेम एखादं वाक्य उरलंय.
बाकीचं आगीने नेलं, वाळवीने नेलं,
नकला करून कंटाळलेल्या माणसांनी सोडून दिलं.
शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही.
शीत म्हणजे शीतच.
ते आठवडाभर खिशात ठेव.
बॉयलरच्या गेजसमोर उभा असशील तेव्हा काढ,
सलूनमध्ये नंबर लागेपर्यंत काढ.
कळलं नाही तर तसंच परत ठेव.

मग संवाद लागतील. ते मोठ्याने वाच,
रूममेट झोपला नसेल तर.
एक जण विचारत सुटतो,
दुसरा म्हणत जातो, हो, अगदी बरोबर.
तो दुसरा होऊ नकोस.
जिथे तो हो म्हणेल तिथे समासात
पेन्सिलने लिही: नाही.
का नाही, ते नंतर शोध.
माझे निम्मे 'नाही' मी पुढच्या वर्षी खोडले,
पण खालचं दिसेल असे.

आणि शब्दांना जप.
'सद्गुण' वाचलास की लगेच हात जोडू नकोस.
ते लोक घोड्याला, सुरीलाही तोच शब्द लावत.
आपण म्हणतो ना, औषधाला गुण आला,
तो गुण.
हे मला सहा वर्षांनी लक्षात आलं,
आणि ताप आलेला होता म्हणून.

गेटवरच्या हाजी मरहूनना विचार कधी,
त्यांचे आजोबा काय करत.
इथल्या समुद्राच्या तळाशी गोड झरे होते.
चामड्याची पखाल घेऊन बुडी मारायची,
खाऱ्या अंधारात झऱ्याचं तोंड हाताने चाचपायचं,
पखाल त्यावर धरायची,
भरली की गळा घट्ट आवळायचा.
मूठ सैल पडली
तर वर येईतो सगळं खारट.
किती बुड्या वाया जायच्या?
हाजी हसतात. म्हणतात, मोजणारा बुडी मारत नव्हता.

झरे आटले. म्हणून तू आणि मी इथे आहोत,
पगारावर.

पुस्तक माझ्या लॉकरमध्ये आहे, डाव्या कप्प्यात,
पीएचच्या बाटल्यांमागे.
मनामाच्या जुन्या बाजारात अर्ध्या दिनारला मिळालं,
पहिली बावीस पानं नाहीत.
तिथे प्रस्तावना होती म्हणे.
नशीबवान आहेस.